दोन गावांचा पाहुणा

थॅक्सबी आणि मार्लिंग या दोन गावांचं कधी पटलं नाही, आणि का पटलं नाही हे दोन्ही गावांत कोणाला धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं मेंढ्यांवरून, कोणी म्हणतं चर्चच्या घंटेवरून. रेल्वे आली तेव्हा स्टेशन माझ्याच गावात हवं म्हणून थॅक्सबीचा जमीनदार अडून बसला, आणि तो बसला म्हणून मार्लिंगचाही बसला. कंपनीने शेवटी वैतागून स्टेशन दोन्ही गावांपासून सारखंच लांब, बीटच्या शेतांच्या मधोमध नेऊन टाकलं. भांडण दोघांचं आणि पायपीट सगळ्यांची. पाटीवर ‘थॅक्सबी अँड मार्लिंग’ अशी नावं लिहिली, तेव्हापासून मार्लिंगची माणसं त्या पाटीकडे पाठ करून गाडीची वाट बघतात.

या स्टेशनात एनॉक कटफर्थ तरुण वयात आला आणि इथेच म्हातारा झाला. हुद्दा स्टेशनमास्तरचा, पण मास्तरकी गाजवायला हाताखाली कोणी नव्हतं. तिकीट देणारा तोच, घेणारा तोच. दिव्यांच्या काचा पुसायच्या त्यानेच, दुधाचे कॅन चढवायचे त्यानेच, प्रतीक्षालयातली शेगडी पेटवायची त्यानेच, आणि फलाटाकडेच्या वाफ्यांत फुलझाडं लावून त्यांच्याभोवती चुन्याने रंगवलेले दगड मांडायचे तेही त्यानेच. उन्हाळ्यात शनिवारी उत्तरेकडच्या खाणकामगारांच्या शर्यतीच्या कबुतरांच्या टोपल्या यायच्या. त्या ठरल्या वेळी उघडायच्या, वर वेळ लिहायची आणि रिकाम्या टोपल्या परतीच्या गाडीने पाठवायच्या, हीसुद्धा स्टेशनमास्तरची नोकरी. झाकण निघालं की कबुतरं स्टेशनावर एक घिरटी मारायची आणि सरळ घरची वाट धरायची. एनॉक मान वर करून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचा. कबुतराला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू कुठला.

एनॉकलाही कोणी विचारलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

स्टेशनात माणूस येतो तो कुठेतरी जायला, नाहीतर घरी परतायला. स्टेशनमास्तरकडे म्हणून कोणी येत नाही. एनॉकला दोन्ही गावांची खडान्‌खडा माहिती. कोणाची मुलगी शहरात नोकरीला गेली, कोणाचा मुलगा लढाईवरून घरी आलाच नाही, कोणाच्या बायकोने माहेरचं तिकीट एकेरी काढलं, सगळं त्याच्या खिडकीतून जायचं. पण एनॉकबद्दल कोणाला काय ठाऊक? “हवा बरी आहे, मिस्टर कटफर्थ.” “बरी आहे, मॅडम. दुपारी वारा सुटेल.” एवढ्यावर माणसाची उभी हयात निघते, हे इंग्लंडच्या खेड्यात राहिल्याशिवाय पटायचं नाही.

त्याची बायको आयव्ही समुद्रकाठच्या कोळ्यांतली, मोठ्याने हसणारी. मूलबाळ झालं नाही. ती एक रविवार थॅक्सबीच्या चर्चला जायची, पुढचा रविवार मार्लिंगच्या. “दोन्हीकडे गेलं की दोन्हीकडचे आपले,” असं तिचं गणित. गणित चुकलं. थॅक्सबीच्या बायकांना ती अर्धे रविवार दिसायची नाही, म्हणून ती मार्लिंगची ठरली. मार्लिंगच्या बायकांनी त्याच हिशेबाने तिला थॅक्सबीची ठरवली. ती होती तोवर याचं काही बिघडलं नाही. स्टेशनच्या स्वयंपाकघरात दोन माणसांचं गाव होतं आणि ते त्यांना पुरत होतं.

एका जानेवारीत तिच्या छातीत कफ झाला आणि आठवड्यात ती गेली. बर्फाने थॅक्सबीचा रस्ता बंद, मार्लिंगचा जेमतेम चालू. म्हणून मार्लिंगच्या चर्चमागे, भिंतीलगत तिला पुरलं. दोन्ही गावांना खरोखर वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. पण थॅक्सबीच्या बायका म्हणाल्या, बाई मार्लिंगला पुरली म्हणजे त्याचं सगळं मार्लिंगकर बघत असतील, आपण मध्ये कशाला पडा? मार्लिंगच्या बायका म्हणाल्या, पाव तर तो थॅक्सबीच्या बेकरीतून घेतो, तिकडच्यांनी घरी डिश पोचवल्या असतील, वर आपल्या कशाला? या मुलखात चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, पण दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसणारा म्हटलेलं चालत नाही. तेव्हा सगळ्यांनी आपापली नाकं सांभाळली, आणि एनॉकच्या दाराशी कोणीही एक पाय नेऊन ठेवली नाही. पाय म्हणजे मांस भरलेली, वर पिठाचं झाकण घातलेली ती डिश. घरात मयत झालं की इथे ती शेजारणींनी आणायचीच असते.

त्यात एनॉकचा स्वभाव. त्या वर्षीच्या नाताळानंतर मार्लिंगच्या पोस्टातल्या मिसेस टेंच पार्सलं घ्यायला आल्या.

“काय मिस्टर कटफर्थ, नाताळचं जेवण झकास झालं ना?”

“हो हो. काही कमी नव्हतं.”

“तेच म्हणते मी. थॅक्सबीवाल्यांना एरवी अक्कल नाही, पण नाताळाला हात सैल असतो हो त्यांचा.”

एनॉक हसला आणि पार्सलांना दोरी बांधत राहिला. दुसऱ्या दिवशी थॅक्सबीच्या मिसेस बोल्टर आल्या. त्यांनी तेच विचारलं, याने तेच सांगितलं, आणि त्यांनी मार्लिंगच्या पुडिंगला नावं ठेवून घेतली. खरं जेवण काय होतं? डब्यातले सार्डिन आणि पाव. पण ‘मला कोणी बोलावलं नाही’ असं कोणाच्या तोंडावर म्हणणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं, आणि ते एनॉकच्या हातून मेल्यावरही झालं नसतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. पण उपाशी पाहुणा निदान कुरकुर तरी करतो. आमचा हा पाहुणा उपाशी पोटी ढेकर देऊन दाखवत होता.

अशी वर्षं गेली. रविवारची गाडी गेली की पुढच्या गाडीपर्यंत स्टेशनात घड्याळाशिवाय काही बोलायचं नाही. एनॉक वाफ्यांतलं तण काढायचा. तण संपलं की धुतलेले दगड पुन्हा धुवायचा. कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बरं चाललंय.

मग निवृत्ती आली. मिडसमरला, म्हणजे जूनच्या अखेरीस, घर रिकामं करायचं होतं. नवा स्टेशनमास्तर बायकोमुलांसकट यायचा होता. एनॉकला जायला जागा म्हणजे लीड्समध्ये पुतणी. तिने मागची खोली देऊ केली होती. त्या खोलीच्या खिडकीतून गिरणीची भिंत दिसायची.

एनॉकच्या मनात मात्र दुसरंच होतं. मार्लिंगच्या चर्चला लागून सहा बुटकी घरं आहेत. जुन्या काळी कोणा लोकरीच्या व्यापाऱ्याने गावातल्या म्हाताऱ्यांसाठी धर्मादाय बांधलेली. त्यातलं टोकाचं घर मिस फेन वारल्यापासून रिकामं होतं. त्या घराची मागची खिडकी थेट दफनभूमीवर उघडते, आणि खिडकीसमोरच, भिंतीलगत, आयव्ही. शिवाय आयव्हीशेजारची जागा अजून मोकळी होती, पण तीही मार्लिंगच्याच माणसाला मिळायची. एनॉकने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. या वेळी तो कोटाला ब्रश मारून मार्लिंगचे पाद्री रेव्हरंड हॉलिस यांच्याकडे गेला.

“तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवाच आहे हो, कटफर्थ,” पाद्री म्हणाले. माणूस भला, पण नियमाला भिणारा. “पण अट आहे. घर मार्लिंगच्या हद्दीतल्या माणसालाच देता येतं. आणि तुम्ही पडलात थॅक्सबीचे.”

“असं आहे का, साहेब?”

“म्हणजे… नाही का?”

“मला कधी कोणी सांगितलं नाही.”

पाद्री गोंधळले. “बोल्टरना विचारून बघा ना. त्यांना नक्की ठाऊक असेल.”

बोल्टर म्हणजे थॅक्सबीच्या चर्चचा कारभारी. दांडगा शेतकरी, कुजबुज केली तरी शेतापलीकडे ऐकू जाणारा. तो डुकरांना खाणं घालत होता.

“तू? थॅक्सबीचा?” बादली खाली ठेवून तो म्हणाला. “अरे, बायको कुठे पुरलीस? मार्लिंगला ना? मग! थॅक्सबीचा असतास तर मला ठाऊक नसतं होय? माझ्या गावातलं कुत्रंसुद्धा मी नावाने ओळखतो.”

“बरोबर आहे,” एनॉक म्हणाला आणि घरी आला. आयव्हीच्या खुर्चीसमोर बसून त्याने बूट काढले आणि बराच वेळ ते हातात धरून बसून राहिला. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा रडू आलं.

खरी गोष्ट अशी होती की दोन गावांची हद्द स्टेशनच्या घरामधूनच जात होती. घरपट्टी कंपनी दोन्हीकडे अर्धी अर्धी भरायची, त्यामुळे रेघ नेमकी कुठून जाते हे बघायची वेळ कधी आली नव्हती. नशिबाने हे वर्ष मार्लिंगच्या हद्द-फेरीचं निघालं. दर काही वर्षांनी मे महिन्यात सगळा गाव पाद्र्याच्या मागे निघतो, हातात विलोच्या काठ्या, आणि हद्दीवरच्या एकेका दगडाला काठ्यांनी बडवत जातो. पुढच्या पिढीला हद्द ध्यानात राहावी म्हणून पूर्वी पोरांनाही त्या दगडांवर आपटायचे. हद्दीत ओढा आला तर ओढ्यातून जायचं, घर आलं तर घरातून. पाद्र्यांच्या मनाला एनॉकचं काम लागलं होतंच. “या खेपेला स्टेशनच्या घरात दोरी लावू,” ते म्हणाले. “जुना कायदाच आहे. घरातून हद्द गेली असेल तर माणूस जिथे झोपतो तिथला.”

ही बातमी थॅक्सबीला पोचली, आणि मार्लिंगवाले दोरीच्या निमित्ताने वीतभर जमीन लाटतील या भीतीने अर्धं थॅक्सबीही त्या दिवशी स्टेशनावर हजर झालं. सर्वांत पुढे बोल्टर.

एनॉकने इतकी माणसं आपल्या घरात कधी पाहिली नव्हती. त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. “चहा ठेवतो,” तो म्हणाला.

“तुम्ही बसा, मी बघते,” म्हणत मिसेस टेंच स्वयंपाकघरात घुसल्या, आणि मार्लिंगच्या बाईला एकटीला कसं सोडायचं म्हणून मिसेस बोल्टर मागोमाग. मिसेस टेंचनी कपाट उघडलं. एक कप, एक बशी, एक ताट. वरच्या फळीवर सार्डिनच्या डब्यांची उतरंड. दुसरं काही नाही.

“अगं बाई,” मिसेस टेंच म्हणाल्या. “मिस्टर कटफर्थ, भांडी कुठे ठेवलीत? बाकीचे कप?”

“ते… वर बांधून ठेवलेत. लागत नाहीत ना.”

“आणि हे एवढे डबे?”

“अहो, याला काय करायचेत डबे?” मिसेस बोल्टर हसल्या. “रविवारी आणि सणाला तुमच्याकडेच असतो की जेवायला.”

“आमच्याकडे? आमच्याकडे कधी? तुमच्याकडे असतो तो!”

“आमच्याकडे? अहो, नाताळाला तुम्ही…”

“नाताळाला तुम्ही!”

दारात उभ्या असलेल्या मार्लिंगच्या बायका थॅक्सबीच्या बायकांकडे बघायला लागल्या, आणि एकेकीच्या ध्यानात येत गेलं. सहा नाताळ. सहा ईस्टर. आयव्ही गेली तो आठवडा. मिसेस बोल्टर कपाटासमोरच खुर्ची ओढून बसल्या. “बायकोच्या मयताला,” त्या हळूच म्हणाल्या, “काय खाल्लंत हो तुम्ही?”

“होतं काहीतरी,” एनॉक म्हणाला. “काही कमी नव्हतं.”

इतकी लाज त्या दोन गावांनी एकत्र कधी अनुभवली नसेल. आणि इंग्लिश माणसाला लाज वाटली की तो माफी मागत नाही, काहीतरी उचलून द्यायला बघतो. बोल्टरने भिंतीवर हात आपटला. “तो थॅक्सबीचा आहे! आमचं चुकलं, बस्स. माझ्या तबेल्यावरची खोली आहे, चांगली सुकी, खाली घोड्यांची ऊब. येईल तो आमच्याकडे.”

“कसा येईल?” मिसेस टेंच उसळल्या. “बायको आमच्यात निजली आहे त्याची!”

“मिसेस टेंच, बोल्टर, कृपा करून…” पाद्री दोन्ही हात वर करून म्हणाले. “दोरी लावू. दोरी काय ते सांगेल.”

घरामागच्या कुंपणात एक हद्दीचा दगड होता, आणि रुळांपलीकडे कोळशाच्या आवारात दुसरा. एका दगडाला दोरी बांधली, ती मागच्या खिडकीतून वरच्या मजल्यावर घेतली आणि पुढच्या खिडकीतून बाहेर काढून पलीकडच्या दगडावर ताणली. मग पाद्री, बोल्टर, मिसेस टेंच आणि जिन्यात मावतील तेवढी माणसं वर गेली.

दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीत उभं राहणं म्हणजे या लोकांना मरणप्राय. सगळे छताकडे बघत होते. पण दोरी काही छताकडे नव्हती. ती पलंगावरून जात होती, उशाकडून पायथ्याकडे, बरोबर मधून. दाराकडची अर्धी बाजू थॅक्सबीत. भिंतीकडची अर्धी मार्लिंगमध्ये.

“आता बोला,” बोल्टर म्हणाला, पण हळू म्हणाला. “रेल्वेचा माणूस, पहाटे दुधाची गाडी. बायकोला ओलांडून उठणार आहे का रोज? हा दाराकडेच झोपणार. लहान पोरालाही कळेल.”

पाद्र्यांनी सुस्कारा सोडला. मिसेस टेंचच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनाही ते खरंच वाटलं. “दाराकडे ना, कटफर्थ?” पाद्र्यांनी विचारलं.

एनॉक जिन्याच्या तोंडाशी उभा होता. नुसती मान हलवली असती की संपलं असतं. जन्मभर त्याने हेच केलं होतं. जो जे म्हणेल त्याला ‘बरोबर आहे’. घोड्यांच्या उबेची खोली मिळत होती, दोन वेळचं जेवणही मिळालं असतं, आणि कोणाला काही सांगावंही लागलं नसतं. त्याने टोपी काढली. ती हातात फिरवत राहिला.

“होतो,” तो म्हणाला. “आधी दाराकडेच होतो.”

“आधी म्हणजे?”

“आयव्ही होती तेव्हा. आता भिंतीकडे झोपतो. तिच्या जागेवर.”

सगळ्यांनी नाइलाजाने पलंगाकडे पाहिलं. दाराकडची चादर कडक ताणून खोचलेली होती, तिला सुरकुती नव्हती. भिंतीकडची उशी मधोमध दबलेली.

“का रे?” बोल्टरने विचारलं. या घरात कोणी कधी कोणाला असा सरळ प्रश्न विचारला नव्हता.

खिडकी उघडी होती, त्यामुळे एनॉक बोलला ते खाली अंगणातल्या माणसांनाही ऐकू गेलं.

“माझ्या जागेवर झोपलो की पहाटे डोळे उघडले की तिची जागा रिकामी दिसायची. ते काही झेपेना. मग तिकडे सरकलो. तिकडून बघितलं की माझी जागा रिकामी दिसते. ती काय, पहाटे रिकामीच असायची नेहमी. मी दुधाच्या गाडीला खाली गेलेलो असायचो. घटकाभर वाटतं, ती निजली आहे आणि मी खाली कामावर आहे. मग उठतो.”

पाद्र्यांच्या हातात विलोची काठी होती, पण ती कशावर मारायची हे ते विसरून गेले. बोल्टरने खिडकीशी जाऊन दोरीची गाठ सोडली.

“मार्लिंगचा आहे तो,” बोल्टर म्हणाला, आणि कोणाकडे न बघता दोरी गुंडाळायला लागला.